हौसेचे गाणे आणि पोटाचे गाणे

मुलाने गाणे शिकण्याची इच्छा प्रकट केली की मराठी पांढरपेशा घरात बहुधा एकच निर्णय दिला जातो. शिकायला हरकत नाही, चार माणसांत म्हणता आले तर शोभाच आहे, परंतु पोटापाण्याची सोय आधी पाहावी आणि गाणे हौसेपुरते ठेवावे, असा हा निर्णय असतो. तो देणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या सुरात इतका आत्मविश्वास असतो, की जणू काही ही व्यवस्था मनुस्मृतीपासून चालत आली असावी. वस्तुतः गाण्याची हौस आणि गाण्याचा पेशा यांच्यामध्ये आज आपल्याला दिसते ती भिंत फार पुरातन नाही. ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांतून नोकरी करणाऱ्या, इंग्रजी शिकलेल्या आणि संध्याकाळी मोकळ्या असलेल्या मंडळींनी उभारली. त्याच मंडळींनी आपल्या संगीतावर अनंत उपकारही केले आहेत, आणि त्यांचा उल्लेख आपले ग्रंथकार करीत आलेच आहेत. परंतु जमाखर्च मांडायचाच झाला तर दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत, आणि त्या वहीचे खर्चाचे पान आजवर बरेचसे कोरे राहिले आहे.

पेशवाईच्या काळी गाण्यावर उपजीविका करणे ही गोष्ट निंद्य किंवा वंद्य अशी सरसकट ठरलेली नव्हती. देवळातील गुरव, नगारखान्यातील वाजंत्री आणि सनईवाले यांचा निर्वाह वतनावर किंवा इनामावर चाले. त्यांचे वादन ही चाकरी होती, आणि चाकरीला कमीपणा नव्हता. हरिदासांचे तर बोलूनचालून प्रतिष्ठेचे स्थान होते. आख्यान संपल्यावर आरतीच्या तबकात पडणारा पैसा आणि यजमानाने दिलेली बिदागी घेऊन बुवा पुढच्या गावाला जात, आणि त्यांनी रागदारीत कितीही कसब दाखविले तरी त्यांना कोणी 'गवई' म्हणून पंगतीबाहेर बसवीत नसे. तोच गळा, तोच ताल आणि तीच मिळकत तमाशाच्या फडात किंवा नायकिणीच्या दिवाणखान्यात दिसली की मात्र निकाल बदले. सोलापूरच्या राम जोश्यांची गोष्ट सर्वश्रुत आहे. शास्त्र्यांच्या घरातला हा मुलगा लावणीच्या नादी लागला म्हणून वडीलभावाने त्यास घराबाहेर काढले. पुढे तो पंढरपुरास जाऊन व्युत्पन्न होऊन आला, कीर्तनेही करू लागला, आणि तरीही अखेर डफ-तुणतुण्याकडे वळल्यावाचून राहिला नाही. घराबाहेर काढले ते पैसे मिळविले म्हणून नव्हे. कोणाच्या संगतीत आणि कोणापुढे गायिले, हा अपराध होता. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढील शंभर वर्षांचा इतिहास उलगडू लागतो.

खऱ्या अर्थाने ख्यालगायकीला महाराष्ट्रात वाट करून दिली ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी. हा मुलगा विद्येसाठी उत्तरेकडे गेला, ग्वाल्हेरच्या परंपरेतील वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशी राहिला, आणि वेदाध्ययन करणारा विद्यार्थी जसा माधुकरी मागून आणि गुरुगृही पडेल ते काम करून विद्या मिळवी तसेच कष्ट सोसून त्याने ख्याल मिळविला. विद्या घेऊन परतल्यावर दम्याच्या व्यथेमुळे आणि संस्थानिकाच्या आश्रयामुळे ते इचलकरंजीस स्थिरावले. त्यांना कोणी हौशी म्हटले नाही आणि स्वतः त्यांनीही तसे म्हणवून घेतले नाही. ते गवई होते, गवयी पेशाचे सारे मानापमान त्यांच्या वाट्यास आले, आणि मराठी ब्राह्मण घरांतील मुलांनी ख्यालावर पोट भरावे हे शक्य आहे, याचा पहिला ठळक दाखला त्यांनी घालून दिला.

त्या काळी पेशेवर गवयाचे दुसरे ठिकाण म्हणजे दरबार, आणि दरबारांत बडोद्याचे उदाहरण विशेष बोलके आहे. बडोद्यास 'कलावंत कारखाना' ह्या नावाचे स्वतंत्र खाते होते. गवई, बीनकार, तबलजी, तंजावरहून राणीसाहेबांबरोबर आलेल्या नर्तकी, अशा सर्वांची नावे त्या खात्याच्या दफ्तरात असत. कोणी केव्हा हजर व्हावे, कोणाला रजा कशी मिळावी, गैरहजेरीबद्दल काय कापून घ्यावे, ह्या सर्वांचे नियम होते. पिलखान्यातील हत्तींच्या रातिबाचा हिशेब ज्या शिस्तीने ठेवला जाई त्याच शिस्तीने यमन आणि दरबारी गाणाऱ्याचा मुशाहिरा लिहिला जाई. यात आज आपल्याला काहीसे हास्यास्पद वाटते खरे, पण क्षणभर विचार करावा. खात्यात नाव असलेल्या कलावंताला महिनाअखेर पगार मिळे, आणि तो पगार मागताना त्याला लाजावे लागत नसे. मालकाची मर्जी गेली तर सगळेच गेले, ही त्या व्यवस्थेची दुसरी बाजू होती. तरुण अब्दुल करीम खाँ याच दरबारात गायिले, आणि सरदार माने यांची कन्या ताराबाई हिच्यासह त्यांना बडोदे सोडावे लागले, ही कथा संगीताच्या इतिहासात कोणाला ठाऊक नाही? गंमत अशी, की त्याच दरबाराचे धनी सयाजीराव महाराज यांनी 1886 साली मौलाबक्षांच्या हाती एक गायनशाळा सोपविली, आणि तीत सर्वसामान्य घरांतील मुले स्वरलिपीच्या आधारे गाणे शिकू लागली. म्हणजे एका राजाच्या छत्राखाली एकीकडे गाण्यावर पगार घेणारे कलावंत आणि दुसरीकडे गाण्यावर कधीही पगार न घेणारे विद्यार्थी एकाच वेळी तयार होत होते.

हे विद्यार्थी, आणि त्यांच्यासारखे इतर, कोणासाठी गाणार होते? याचे उत्तर शहरांतील नव्या मंडळ्यांनी दिले. मुंबईस कैखुशरू काबराजी यांच्या पुढाकाराने 1870 साली पारशी गृहस्थांची 'गायन उत्तेजक मंडळी' निघाली. पुण्यास 1874 मध्ये बळवंत त्रिंबक सहस्रबुद्धे यांच्या खटपटीने 'गायन समाज' स्थापन झाला. कोल्हापुरात 1883 पासून पुढे देवल क्लब म्हणून ओळखला जाणारा समाज उभा राहिला. या मंडळ्यांचे सभासद वर्गणी भरीत, नियम करीत, अहवाल छापीत आणि वार्षिक सभेत ठराव मांडीत. नायकिणीच्या माडीवर न जाता गाणे ऐकण्याची सोय हा त्यांचा एक मोठा हेतू होता, आणि तो त्यांनी लपविलाही नाही. आपले संगीत हे शास्त्र आहे, ते अशिक्षित आणि अनीतिमान लोकांच्या हाती पडल्यामुळे त्याची अवनती झाली आहे, सुशिक्षितांनी त्याचा उद्धार करावा, हा त्या काळच्या भाषणांतून आणि लेखांतून पुनःपुन्हा येणारा सूर आहे. सभागृहाच्या भिंतीशी लोड, मध्ये गादी, समोर समई आणि पानांची तबके, गवयाच्या मागे दोन तंबोरे, आणि सभासदांपैकी एखादा वकील किंवा मामलेदार 'बुवा, आज जरा बिहाग होऊ द्या' असे सांगणारा, असे ते दृश्य. फर्माइश करणारा हौशी असे आणि ती पुरी करणारा पेशेवर. पहाटे मैफल संपल्यावर शेला-नारळाबरोबर रुपये पुढे करण्याच्या त्या एका क्षणात दोघांतले अंतर साऱ्यांना स्पष्ट दिसे. मात्र देवल क्लबाविषयी एवढे म्हटले पाहिजे, की तेथील श्रोत्यांनी अल्लादिया खाँसाहेबांसारख्या बिकट गायकीच्या धन्याला कान देऊन ऐकले. शाहू महाराजांच्या पदरी राहिलेल्या या गवयाची अनवट रागांची, आडवळणाच्या लयीची गायकी पचविणारा श्रोतृवर्ग कोल्हापुरात तयार झाला नसता तर जयपूर घराण्याला दक्षिणेत घर मिळाले असते की नाही, शंकाच आहे.

ह्या हौशी मंडळींतून एक पुरुष असा निघाला की त्याने हौसेची मर्यादाच पालटून टाकली. विष्णु नारायण भातखंडे, जन्म 1860, वाळकेश्वरचे. बी. ए. झाले, एल्एल्. बी. झाले, काही काळ कराचीस आणि नंतर मुंबईस वकिली केली. सतार ते विद्यार्थिदशेतच शिकत होते. 1884 च्या सुमारास गायन उत्तेजक मंडळीत शिरले आणि रावजीबुवा बेलबागकरांकडून ध्रुपदे आणि मनरंग परंपरेच्या खाँसाहेबांकडून ख्याल, असा चिजांचा संग्रह त्यांनी शेकड्यांनी केला. पत्नी 1900 मध्ये आणि एकुलती कन्या 1903 मध्ये निवर्तल्यावर या गृहस्थाला प्रपंच असा उरला नाही. पुढील वर्षे त्यांनी प्रवासात घालविली. दक्षिणेत, हैदराबादेस, बंगालात, काशी-प्रयागास, जेथे जेथे कोणी पंडित किंवा उस्ताद असल्याचे कळे तेथे ते वही घेऊन जात, आणि साक्षीदाराची उलटतपासणी करावी तसे प्रश्न विचारीत: हा राग तुम्ही कोणत्या मेळातला मानता, त्याला आधार कोणता, ग्रंथात असे असताना तुम्ही असे का गाता? त्यांच्या प्रवासाच्या टिपा वाचताना वकिलाची बुद्धी पानोपानी दिसते, आणि वकिलाचा थोडा उर्मटपणाही. समोरचा माणूस ज्या विद्येवर जगतो ती तो एका बैठकीत अनोळखी माणसाच्या वहीत उतरवून देणार नाही, त्याच्या मुलाबाळांची ती एकमेव इस्टेट आहे, ह्या साध्या गोष्टीची जाणीव त्या टिपांतून अभावानेच आढळते. खाँसाहेबांनी हात राखून ठेवला की ते त्यांचे अज्ञान ठरे किंवा कृपणता ठरे.

आणि तरीही फळ काय मिळाले ते पाहा. 1910 च्या सुमारास वकिली सोडून त्यांनी सर्व आयुष्य या कामास वाहिले. 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' संस्कृतात लिहिले. 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा गुरुशिष्यसंवादाच्या रूपातला चार भागांचा ग्रंथ मराठीत लिहिला. क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत दीड हजारांहून अधिक चिजा स्वरलिपीसह छापून काढल्या. दहा थाटांची मांडणी केली, आणि ती अपुरी आहे असे म्हणणारे विद्वान आजही तीच वापरून बोलतात. 1916 साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, आणि तिच्यातून उठलेल्या विचारांची परिणती 1926 मध्ये लखनौच्या मॉरिस कॉलेजात झाली. भातखंड्यांनी या कशावरही पोट भरले नाही. त्यांनी मैफली केल्या नाहीत आणि स्वतःला गवई म्हणवून घेतले नाही. परंतु या आजन्म हौशी माणसाने पेशेवरांसाठी एक नवी नोकरी निर्माण केली. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे पदवीधर होते, बडोद्यास फैयाज खाँसाहेबांकडे शिकलेले होते, आणि मॉरिस कॉलेजाचे प्राचार्य झाले. संगीताचा प्राध्यापक ही पगारी जागा ज्याला कधीही पगाराची गरज पडली नाही अशा माणसाच्या खटपटीतून जन्मास आली, हे ध्यानात घेतले म्हणजे हौशीला नुसता निरुपद्रवी रसिक समजणे किती चुकीचे आहे ते कळेल.

दुसरे विष्णु याच्या अगदी उलट प्रकृतीचे. विष्णु दिगंबर पलुस्कर हे कुरुंदवाडच्या कीर्तनकाराचे चिरंजीव. लहानपणी दारूकामात डोळ्यांस इजा होऊन दृष्टी मंदावली, शाळेचे शिक्षण अशक्य झाले, आणि मिरज संस्थानाच्या आश्रयाने ते बाळकृष्णबुवांपाशी गाणे शिकू लागले. म्हणजे भातखंड्यांना गाणे निवडता आले, पलुस्करांना ते पत्करावे लागले. एका समारंभास आपल्याला आमंत्रण आहे आणि गुरूंना नाही हे पाहून विष्णुबुवांनी कारण विचारले, तेव्हा गवयास कसले आमंत्रण अशा अर्थाचे उत्तर मिळाले, अशी हकीकत त्यांचे चरित्रकार सांगतात. 1896 मध्ये त्यांनी मिरज सोडली. बडोदे, ग्वाल्हेर, सौराष्ट्र असे करीत तिकीट घेऊन येईल त्या कोणाही नागरिकासाठी जाहीर जलसे करण्याची वहिवाट त्यांनी रुजविली, आणि 5 मे 1901 रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय उघडले. कोणा संस्थानिकाच्या देणगीवर न विसंबता, लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या उत्पन्नावर चालणारे ते विद्यालय होते. 1908 मध्ये ते मुंबईस आले.

त्या विद्यालयातील उपदेशक वर्गाची हकीकत जरा निरखून पाहण्यासारखी आहे. ज्या मुलांना पुढे गाण्यावरच निर्वाह करावयाचा आहे अशांस बुवा लेखी करार करून ठेवून घेत. अन्नवस्त्र आणि शिक्षण विद्यालयाचे, आणि त्याच्या मोबदल्यात वर्षानुवर्षे विद्यालयाची सेवा मुलांची. पहाटे अंधारात उठून तंबोरा घ्यावयाचा, स्वर लावावयाचा, व्यायाम करावयाचा. पोशाख स्वच्छ हवा, वर्तन निर्व्यसनी हवे, बोलणे सभ्य हवे. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही मंडळी या शिस्तीतून बाहेर पडली. बाहेरचे विद्यार्थी मात्र फी भरून संध्याकाळी येत, त्यांत वकील-कारकुनांची मुले असत आणि पुढेपुढे मुलीही. म्हणजे एकाच छपराखाली बुवांनी हौस आणि पेशा यांच्या दोन स्वतंत्र शाळा चालविल्या, आणि पहिलीच्या फीवर दुसरीचे पोट भरले. व्यवहारदृष्ट्या ही योजना फार चतुर होती. दुर्दैव एवढेच, की बुवांचा हात सढळ होता आणि मनोरथ इमारतीहून उंच होते. मुंबईची वास्तु कर्जात गेली आणि अखेर लिलावात निघाली. उत्तरायुष्यात ते नाशकास रामनामात रमले, आणि 1931 साली मिरजेस त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले, आणि प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा परीक्षांच्या पायऱ्या बांधून गाणे घरोघर नेले.

या परीक्षांनी गवई किती निर्माण केले हा प्रश्न अनेकांनी उपहासाने विचारला आहे. मला तो प्रश्न अन्यायाचा वाटतो, कारण गवई निर्माण करणे हे त्यांचे खरे कार्य नव्हतेच. प्रवेशिकेला बसलेली मुलगी पुढे संसारात पडे, पेटी माळ्यावर जाई. परंतु भूप आणि देसकार यांतला भेद तिच्या कानात राही, आणि चाळीस वर्षांनी ती नातवंडाला हाताशी धरून मैफलीला जाई. मात्र याच परीक्षांनी एक वेगळा अपाय केला. विशारद हे विशेषण मुलीच्या लग्नाच्या याद्यांत आणि दाखविण्याच्या कार्यक्रमांत शिरले, भावगीत म्हणून दाखविणे हा सुस्वभावाचा पुरावा ठरला, आणि लग्न ठरताच 'आता पुरे झाले गाणे' हे वाक्यही त्याच घरातून निघू लागले. गाणे शिकविण्याची घाई आणि ते थांबविण्याची घाई एकाच हेतूची दोन अंगे होती.

दरबार आणि विद्यालय यांच्याव्यतिरिक्त तिसरा रस्ता होता रंगभूमीचा, आणि मराठी माणसाला तोच सर्वांत जवळचा वाटला. त्या रस्त्याची सुरुवातही हौसेनेच झाली. अण्णासाहेब किर्लोस्कर पुण्यास रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीस होते, आणि 31 ऑक्टोबर 1880 रोजी 'शाकुंतल'चा प्रयोग झाला तो नोकरी सांभाळून. परंतु दोन-तीन वर्षांच्या आत हौसेची मंडळी पगारी झाली. बडोद्यास कारकुनी करणारा भाऊराव कोल्हटकर हा गोड गळ्याचा तरुण कचेरी सोडून कंपनीत आला, आणि कारकुनाचा नट झाल्याचे महाराष्ट्राने दुःख केले नाही. कंपनीत दोन वेळचे जेवण, ठरलेला पगार, तालमीला नामांकित गवई, आणि गावोगाव मान. भास्करबुवा बखल्यांसारख्या, तीन घराण्यांची विद्या पचविलेल्या गवयाने बालगंधर्वांच्या गळ्याला वळण दिले आणि 1916 च्या 'स्वयंवरा'ला चाली दिल्या. कोल्हापूरच्या हौशी वर्तुळात पेटीवर हात बसविलेल्या गोविंदराव टेंब्यांनी 1911 च्या 'मानापमाना'ला चाली दिल्या, पुढे ते गंधर्व नाटक मंडळीचे भागीदार झाले, स्वतःची कंपनी काढली, चित्रपटात हरिश्चंद्र झाले, आणि हौशी कोठे संपतो आणि पेशेवर कोठे सुरू होतो हे त्यांच्या चरित्रावरून कोणाला सांगता येणार नाही. गंधर्व मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष, असे साथीदार नाटकाच्या पदरी नोकरीला होते. आज एखाद्या नाट्यसंस्थेला ही कल्पनाही सुचणार नाही. अर्थात अत्तरे, शालू, गालिचे यांच्या बरोबर कर्जेही वाढत होती, आणि बोलपट आल्यावर तो सगळा डोलारा खाली आला. त्याबरोबर महाराष्ट्रातील गाणाऱ्यांची सर्वांत मोठी नोकरभरती बंद झाली, हे मात्र नाटकाच्या वैभवावर लिहिताना बहुतेक विसरतात.

आता त्या पानाकडे वळू, जे कोरे आहे असे मी प्रारंभी म्हटले. गाणे हौसेपुरते ठेवावे की पेशा करावा, हा प्रश्न ज्यांना पडलाच नाही अशा स्त्रिया होत्या, आणि महाराष्ट्र-गोमंतकातील अभिजात गायकीचा मोठा भाग त्यांच्याच कंठांनी जगविला. गोव्याच्या देवस्थानांच्या परिसरात जन्मलेल्या कलावंतिणींच्या मुलींना गाणे हा जन्मप्राप्त धंदा होता. मोगूबाई कुर्डीकर बालवयात नाटक मंडळ्यांतून कामे करीत फिरल्या, आई गेली, आणि सांगलीस असताना अल्लादिया खाँसाहेबांच्या कानी त्यांचा आवाज पडला म्हणून त्यांना गुरू लाभला. ती तालीमही वारंवार खंडित झाली, कारण तालमीला पैसा लागतो आणि खाँसाहेबांनाही कुटुंब होते. केसरबाई केरकरांनी वर्षानुवर्षे त्याच खाँसाहेबांपाशी घालविली आणि पुढे बिदागीचा आकडा आणि बैठकीचा शिष्टाचार स्वतःच्या अटींवर ठरविला. त्यांचा हा ताठपणा अनेक रसिकांना खटके. वकिलाने फी आधी घेतलेली चालते, डॉक्टराने घेतलेली चालते, आणि गायिकेने आकडा सांगितला की ती लोभी होते, हा न्याय मला कधी समजला नाही. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर गाणे केले, सोज्ज्वळ वेषात आणि शांत मुद्रेने सभागृहात बसून गायिल्या, आणि घरंदाज स्त्रीला व्यासपीठावरची वाट मोकळी झाली. ही वाट ज्यांच्या खांद्यांवरून गेली त्या माडीवरच्या गाणाऱ्या मात्र हळूहळू दिसेनाशा झाल्या. स्वातंत्र्याच्या सुमारास आकाशवाणीने, ज्यांच्या खाजगी आयुष्याची लोकांत बदनामी आहे अशांना ध्वनिक्षेपकापुढे बसवू नये असे ठरविले, तेव्हा समाजसुधारणेच्या नावाखाली कोणाची रोजी गेली याची यादी कोणी ठेवली नाही.

सारंगीचे उदाहरण याहून बोलके आहे. मनुष्याच्या आवाजाला इतके जवळ जाणारे दुसरे वाद्य आपल्याकडे नाही, आणि ख्यालाची साथ शतकभर तिनेच केली. परंतु हौशी घरांनी तबला घेतला, सतार घेतली, व्हायोलिन घेतले, आणि विलायतेहून आलेल्या पेटीला तर घरची लेकच करून टाकले. सारंगी मात्र घेतली नाही. ती शिकायला अवघड आहे हे खरे. बोटांच्या पेरांवर न दाबता नखांच्या मुळाशी तारेला भिडून स्वर काढावा लागतो, कातडी सोलवटते, आणि खालच्या तरफांच्या डझनावारी तारा जुळविण्यातच वेळ जातो. पण व्हायोलिनही काही सोपे नव्हते. खरे कारण असे, की सारंगी ही नायकिणीच्या मागे उभे राहून वाजविण्याचे वाद्य म्हणून ओळखली गेली होती, आणि सभ्य मुलाच्या हाती ती शोभत नव्हती. 1940 पासून रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती तीस वर्षांहून अधिक टिकली. तेवढ्या काळात आकाशवाणीच्या केंद्रांवर सारंगियांना नोकऱ्या मिळाल्या, परंतु मैफलीत आणि घरांत पेटीच राहिली. हौसेने ज्याला हात लावला ते जगले, आणि ज्याला लावला नाही ते मागे पडले, इतकी सत्ता ह्या संध्याकाळच्या फावल्या वेळेच्या हाती होती.

रेडिओचा उल्लेख आलाच आहे तर त्याचीही नोंद करावी. संस्थाने विलीन झाल्यावर कलावंत कारखान्याची जागा आकाशवाणीने घेतली. 1952 मध्ये बाळकृष्ण केसकर मंत्री झाले आणि गवयांची परीक्षा घेऊन प्रती ठरविण्याची पद्धत रूढ झाली. आयुष्यभर मैफली गाजविलेल्या उस्तादांना समितीपुढे बसून आपली प्रत लावून घ्यावी लागली, आणि त्यांचा संताप समजण्यासारखा होता. पण ठरलेल्या तारखेला ठरलेल्या रकमेचा धनादेश येऊ लागला, हेही खरे.

याच काळात पुण्या-मुंबईत असा एक वर्ग तयार झाला, की त्याने भर दुपारी सरकारी खतावण्या लिहिल्या आणि रात्री यमन आळविला. वामनराव देशपांडे हे चार्टर्ड अकाउंटंट. सुरेशबाबू माने, मोगूबाई अशा वेगवेगळ्या घराण्यांच्या गुरूंपाशी ते शिकले, आणि 1961 मध्ये त्यांनी 'घरंदाज गायकी' लिहिली. स्वर आणि लय यांच्या प्रमाणावरून घराण्यांची मांडणी करणारा हा ग्रंथ पटो वा न पटो, त्याला बगल देऊन कोणी पुढे जाऊ शकलेला नाही. एका घराण्यातील गवयाला तो लिहिता आला नसता, कारण त्याला आपल्या घराण्याची बाजू घ्यावी लागली असती. येथे हौस हीच पात्रता ठरली. वसंतराव देशपांड्यांची गोष्ट याच्या उलट. पुण्यास लष्करी हिशेब खात्यात त्यांनी कारकुनीत उमेदीची वर्षे काढली, सर्व घराण्यांचे गाणे गळ्यात असताना. नोकरी सोडून ते पूर्ण वेळ गाण्याकडे वळले तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. 1967 च्या 'कट्यार काळजात घुसली'तील खाँसाहेबांच्या भूमिकेने त्यांना घरोघर नेले, आणि 1983 मध्ये ते गेले. हिशेब खात्याला त्यांच्या जागी दुसरा कारकून सहज मिळाला असता. मराठी संगीताला मात्र ती कचेरीत गेलेली वर्षे परत मिळाली नाहीत. ही नोकरी वसंतरावांनी आवडीने केली नव्हती. गाण्यावर संसार चालेल असा भरवसा देणारे कोणी नव्हते म्हणून केली, आणि तो भरवसा न देणाऱ्यांत त्यांच्या मैफलींना रात्रभर दाद देणारे रसिकही होते.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती आहे. मुलाला गाणे हौसेपुरते ठेव असे सांगावयाचे तर खुशाल सांगावे; भातखंड्यांपासून वामनरावांपर्यंत त्या सल्ल्याच्या बाजूने भरपूर पुरावा आहे. पण ज्याने तो सल्ला मानला नाही, त्याला गणेशोत्सवात, दिवाळी पहाटेला किंवा घरच्या मंगलकार्यात गावयास बोलावताना 'आपल्या माणसांतच आहे, हौसेने या' असे म्हणू नये. बिदागीचा आकडा आधी सांगावा, तबल्याच्या आणि पेटीच्या साथीदाराचा वेगळा सांगावा, आणि पाकीट मैफल सुरू होण्यापूर्वी द्यावे.